गोड-तिखट चायनीज चिकनसोबत वाइन: कोंबडी नव्हे, सॉस बघून बाटली निवडा

‘चिकन असेल तर व्हाइट, मटण असेल तर रेड’ हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो. लिंबू-मीठ लावून भाजलेल्या कोंबडीपुरता तो ठीक आहे. हनी चिली चिकन, शेजवान चिकन किंवा मंचुरियनच्या ताटाशी मात्र त्याचा काही उपयोग नाही. या पदार्थांत कोंबडीची चव मागे राहते आणि जिभेवर राज्य करतात ते मध, केचप, सोया सॉस, व्हिनेगर, लसूण आणि मिरची. म्हणून वाइन निवडायची ती सॉस बघून.

आपण ज्याला चायनीज म्हणतो ते मुळातच इथलं आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. चिकन मंचुरियन १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वाँग यांनी पहिल्यांदा केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला पाया घेतला, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोरने रस दाट केला. त्यामुळे चिनी जेवणासोबतच्या वाइनचे परदेशी तक्ते इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपला सॉस जास्त लसणाचा, जास्त तिखट, आणि पुण्यात कोथरूडपासून कॅम्पपर्यंत कुठेही मागवा, बहुतेक वेळा जास्त गोडही असतो.

आधी जिभेची परीक्षा

बाटली निवडण्याआधी पंधरा मिनिटांचा एक प्रयोग एकदा तरी करून बघा. पुढचं सगळं मग पाठ करावं लागत नाही. कोणतीही कोरडी, म्हणजे अजिबात गोड नसलेली वाइन दोन घोट घ्या आणि चव नीट लक्षात ठेवा. आता चार बशा मांडा: एकीत लहान चमचाभर मध, दुसरीत लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, तिसरीत सोया सॉसचे चार थेंब, चौथीत पाव चमचा शेजवान चटणी. प्रत्येक बशीतलं थोडं चाखायचं, लगेच वाइनचा घोट घ्यायचा आणि मध्ये कोऱ्या पावाचा तुकडा खायचा. शेजवान चटणी शेवटी, कारण तिच्यानंतर जीभ दहा मिनिटं कामाची राहत नाही.

मध चाखून घेतलेला घोट पाणचट, आंबट आणि कडवट लागतो. तीच वाइन लिंबू-मिठानंतर एकदम मवाळ होते, तिच्यातला फळांचा वास वर येतो. सोया सॉसनंतर तुरटपणा वाढतो, आणि चटणीनंतर तर नुसता जाळ. वाइन तीच असते, बदललेली असते जीभ. पदार्थातली गोडी वाइनची गोडी झाकून टाकते. सोया आणि अजिनोमोटोचा तो मांसल स्वाद कडूपणा वाढवतो. आंबट आणि खारट चव मात्र वाइनच्या बाजूने उभी राहते.

तिखटाचं कारण वेगळं. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चिकटतं. हे ग्राही एरवी साधारण ४२ अंशांच्या पुढे ‘चटका बसला’ असा निरोप मेंदूला धाडतात. अल्कोहोलमुळे ही पातळी सुमारे ३४ अंशांवर उतरते, म्हणजे तोंडाच्या नेहमीच्या तापमानापेक्षाही खाली. मिरची आणि अल्कोहोल एकमेकांना चढवतात ते असे. १४ टक्क्यांची वाइन शेजवानसोबत घशात पेटते आणि १० टक्क्यांची वाइन तीच चटणी सुसह्य करते, हा फरक कल्पनेतला नाही.

यातून बाटलीचे निकष आपोआप निघतात: थोडी गोडी, भरपूर आंबटपणा, अल्कोहोल शक्यतो १२.५ टक्क्यांच्या आत, तुरटपणा जवळजवळ नाही, आणि वाइन चांगली गार. पाचांपैकी एखादा निकष सुटला तर चालतं, पण गोडी आणि गारवा सोडू नका.

गोडी किती?

वाइनमधली साखर लिटरला किती ग्रॅम यावर मोजतात. ढोबळमानाने ४ ग्रॅमपर्यंत कोरडी, १२ पर्यंत किंचित गोडसर, १२ ते ४५ मध्यम गोड, त्यापुढे गोड. आपल्या कामाचा पट्टा १० ते ३० ग्रॅमचा.

आता पदार्थाकडे बघा. चौघांच्या हनी चिली चिकनमध्ये सर्रास ३ मोठे चमचे मध पडतो. हा झाला साधारण ६० ग्रॅम मध, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास साखर, माणशी १२ ग्रॅम. उलट लिटरला २० ग्रॅम साखर असलेल्या वाइनच्या १५० मिलीच्या ग्लासात साखर असते फक्त ३ ग्रॅम. ‘वाइन पदार्थापेक्षा गोड हवी’ हे पुस्तकी वाक्य इथेच अडतं. तेवढी गोड वाइन म्हणजे डेझर्ट वाइन, आणि तिच्यासोबत जेवण जात नाही. त्यामुळे दोन्हीकडून जवळ यावं लागतं: वाइन थोडी गोड घ्यायची आणि पदार्थातला मध कमी करायचा. बाहेरून मागवलेल्या पदार्थाचा मध कमी करता येत नाही. तिथे सोबत साधा भात ठेवायचा, तो गोडी पातळ करतो.

दुकानात काय मागायचं

पुण्यात ‘वाइन शॉप’ अशी पाटी असली तरी आतला बहुतेक माल व्हिस्की, रम आणि बिअरचा असतो, वाइनला एखादं कपाट मिळतं. तरी आपल्याला हवी ती बाटली त्या कपाटात बहुधा असतेच, कारण ती नाशिकची आहे.

पहिली पसंती शेनिन ब्लाँ, याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन. काउंटरवर ‘चेनिन’ म्हटलं तरी कळतं. या द्राक्षात मुळातच आंबटपणा भरपूर, त्यामुळे थोडी साखर शिल्लक ठेवली तरी वाइन गुळमट होत नाही. नाशिकच्या सुला कंपनीने २०००मध्ये आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या त्यांत सोव्हिन्यों ब्लाँ या दुसऱ्या व्हाइटसोबत शेनिन ब्लाँही होती, आणि त्यांची शेनिन आजही किंचित गोडसर धाटणीची आहे. यॉर्क, फ्रातेल्ली यांच्याही शेनिन मिळतात. प्रत्येकीची गोडी वेगळी, म्हणून मागचं लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. ‘ऑफ ड्राय’ किंवा ‘सेमी ड्राय’ असं लिहिलं असेल तर उचला. नुसतं ‘ड्राय’ असेल तर ती मासळीसाठी ठेवा. ‘लेट हार्वेस्ट शेनिन’ ही वेगळी, गोड, बहुतेकदा ३७५ मिलीच्या लहान बाटलीत येणारी वाइन. घाईत तीच उचलली जाते आणि मंचुरियनसोबत काकवी प्यायल्यासारखं वाटतं.

दुसरी रीसलिंग, हीही व्हाइटच. थोडी साखर असलेली रीसलिंग तिखट-गोड पदार्थांसाठी जगभर वापरतात ते तिच्या धारदार आंबटपणामुळे. नाशिकची मिळते. जर्मन बाटली मिळाली तर ‘काबिनेट’ शब्द आणि ८ ते १० टक्के अल्कोहोल या दोन खुणा बघा. त्याच लेबलवर ‘ट्रोकन’ असेल तर ती कोरडी, आपल्या उपयोगाची नाही.

तिसरी गोडसर रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, उदाहरणार्थ झिनफँडेल द्राक्षाची. केचप असलेल्या तांबड्या सॉसशी तिचं छान जमतं.

बाटली हातात घेतल्यावर तीन गोष्टी तपासा. एक, साल. आपल्याकडे द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्चच्या सुमाराची. या साध्या व्हाइट वाइन मुरवायच्या नसतात, गेल्या एक-दोन हंगामांची बाटली घ्या. दोन, रंग. फिकट पिवळ्याऐवजी गडद सोनेरी किंवा तपकिरी झाक दिसली तर परत ठेवा. तीन, तोंड. बूच वर सरकलेलं किंवा मानेवर चिकट ओघळ असेल तर बाटली उन्हात तापलेली आहे. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा ३८-४० अंशांवर जातो आणि काचेच्या शोकेसमध्ये तर आणखी चढतो. तापलेल्या वाइनला उकडलेल्या फळांचा वास येतो आणि तो कोणत्याही पदार्थाने झाकला जात नाही. म्हणून दर्शनी बाटली नको, ‘दादा, आतली किंवा फ्रिजमधली द्या’ असं सांगा. फिरकीचं झाकण असलेली बाटली कमी प्रतीची असते हा गैरसमज आहे. ताज्या व्हाइटसाठी तेच झाकण जास्त भरवशाचं.

कोणत्या पदार्थासोबत काय

हनी चिली, स्वीट अँड सार, ऑरेंज चिकन: गोडसर शेनिन किंवा रीसलिंग. स्वीट अँड सारमध्ये व्हिनेगर आणि अननस असल्यामुळे कमी आंबट वाइन तिथे झोपलेली लागते. दोन्हींत निवड करायची तर रीसलिंग.

चिली चिकन ड्राय, हिरव्या मिरचीचं आणि भरपूर ढोबळी मिरची घातलेलं: इथे गोडी कमी असते, म्हणून सोव्हिन्यों ब्लाँ चालते, नव्हे, उत्तम चालते. ढोबळी मिरचीला जो हिरवट वास असतो तो ज्या पायराझिन द्रव्यांमुळे, तीच द्रव्यं या द्राक्षातही असतात, त्यामुळे ताट आणि ग्लास यांचा वास एकमेकांत मिसळतो. मात्र चिली चिकन ग्रेव्हीचं असेल तर त्यात केचप आणि साखर आलीच, तिथे रोझेकडे वळा.

शेजवान चिकन हा सगळ्यांत अवघड पदार्थ. आपल्या शेजवान सॉसमध्ये सुक्या लाल मिरच्या, लसूण, आलं आणि व्हिनेगर असतं. खऱ्या सिचुआन पाककृतीतलं मिरे गाडीवरच्या सॉसमध्ये सहसा नसतं. ते मिरे म्हणजे कोकणातल्या तिरफळाचं भावंड, जिभेला मुंग्या आणणारं. एखाद्या चांगल्या रेस्टॉरंटात ते घातलेलं असेल, तर महागडी वाइन मागवू नका, बधिर झालेल्या जिभेला बारकावे कळत नाहीत. दोन्ही प्रकारांत नियम एकच: कमीत कमी अल्कोहोल, जास्तीत जास्त गारवा, आणि गोडी थोडी चढी. साडेपाच टक्क्यांच्या आसपासची मोस्काटो द’आस्ती ही गोड इटालियन वाइन मिळाली तर इथे ती फार कामाची आहे. नाहीतर गोडसर शेनिन, पण घोट लहान घ्या. आणि शेजवान चिकनसोबत शेजवान राइस मागवू नका. तिखटावर तिखट चढलं की कोणतीही वाइन हात टेकते.

मंचुरियन ग्रेव्ही: सोया आणि लसूण पुढे, गोडी मध्यम. रोझे बरोबर बसते. रेडच हवी असा कुणाचा आग्रह असेल, तर तो इथेच पुरवता येतो. लाकडी पिंपात न मुरवलेली, कोवळी, हलकी रेड घ्या आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून १४ ते १६ अंशांवर द्या. ‘रिझर्व’ लिहिलेली शिराझ किंवा कॅबरने सोव्हिन्यों या जेवणात उघडू नका. त्यांचं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, तोंड कोरडं करतं, सोया ते आणखी वाढवतो, मध त्यात कडूपणा घालतो आणि मिरची वर पेटवून देते. चांगली बाटली फुकट जाते, आणि दोष वाइनला मिळतो.

लॉलीपॉप आणि इतर तळलेल्या गोष्टींना फसफसणारी वाइन. बुडबुडे आणि आंबटपणा तेलाचा थर धुऊन काढतात. पुण्याला हे नवीन नाही: नारायणगावला १९८०च्या दशकातच स्पार्कलिंग वाइन बनत होती. आता नाशिककडच्या शाँदों आणि सुलाच्या ब्रूट सगळीकडे मिळतात. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव फसवं आहे, ती ब्रूटपेक्षा गोड, १२ ते १७ ग्रॅमची, आणि म्हणूनच आपल्याला अधिक सोयीची. ‘डेमी सेक’ ३२ ते ५०. एक मात्र सांभाळा: बुडबुडे तिखटाची आग कमी करत नाहीत, उलट टोचतात. लॉलीपॉप शेजवान चटणीत बुडवणार असाल तर स्पार्कलिंग बाजूला ठेवा आणि शेनिन ओता.

घरी करत असाल तर सॉस वाइनकडे झुकवा

बाहेरच्या पदार्थावर आपला ताबा नसतो, घरच्यावर असतो. चौघांसाठी लेगपीसचं ५०० ग्रॅम बोनलेस चिकन घ्या. ब्रेस्ट सॉसमध्ये लवकर चिवट होतं. एक अंडं, ४ मोठे चमचे कॉर्नफ्लोर, २ मोठे चमचे मैदा, एक लहान चमचा आलं-लसूण पेस्ट, पाव चमचा मीठ लावून २० मिनिटं ठेवा. मध्यम आचेवर तळा, पाच मिनिटं निथळू द्या आणि मोठ्या आचेवर मिनिटभर पुन्हा तळा. दुसऱ्या तळणीने आवरण सॉसमध्येही कुरकुरीत राहतं. ते मऊ पडलं की तेल सुटतं, आणि तेलकट जिभेवर वाइन घसरून जाते.

सॉससाठी २ मोठे चमचे तेल चांगलं तापवा. बारीक चिरलेला लसूण २ मोठे चमचे, आलं १ मोठा चमचा. लसूण फक्त कडांना सोनेरी होऊ द्या. तो करपला तर त्याचा कडूपणा ग्लासात दुप्पट लागतो. मग भिजवून वाटलेल्या ४ काश्मिरी मिरच्या. रंग येतो, जाळ येत नाही. लवंगी मिरची इथे नकोच. सोया सॉस १ मोठा चमचा, केचप १ मोठा चमचा, व्हिनेगर १ लहान चमचा, पाणी अर्धी वाटी. एक लहान चमचा कॉर्नफ्लोर थंड पाण्यात कालवून घाला, रस चकाकला की गॅस बंद करा. त्यानंतर चिकन, आणि सगळ्यांत शेवटी १ मोठा चमचा मध. नेहमीच्या तीनऐवजी एकच, पण विस्तवावरून उतरवून घातल्यामुळे त्याचा वास टिकतो आणि कमी मधातही गोडी जाणवते. अजिनोमोटो वगळा. वरून मीठ घालण्याआधी चाखा, सोयात ते पुरेसं असतं. पदार्थ अजून फार गोड वाटला तर अर्ध्या लिंबाचा रस पिळा. हा शेवटचा हात ताटापेक्षा ग्लासात जास्त कळतो.

कांदापात वरून हवीच, पण तिचा पांढरा भाग सॉसमध्ये शिजवा आणि हिरवाच वर पेरा. कच्चा कांदा, गाडीवरचा कोबी-कांदा आणि व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्यांची वाटी यांना त्या दिवशी टेबलावर जागा देऊ नका. कच्च्या कांद्यानंतर वाइनचा वास तासभर लागत नाही.

पार्सल मागवलं असेल तर

फोनवरच सांगा: ‘दादा, तिखट कमी, आणि सॉस वेगळ्या डब्यात द्या.’ सॉस वेगळा आला की चिकन कढईत किंवा एअर फ्रायरमध्ये पाच मिनिटं कुरकुरीत करता येतं, आणि वर किती सॉस ओतायचा ते आपल्या हातात राहतं. आधी अर्धाच घाला. गरमागरम, वाफाळतं वाढू नका, दोन-तीन मिनिटं निवू द्या. चटका आणि तिखट एकाच दारातून आत येतात, हे वर सांगितलंच आहे. सोबत साधा वाफेचा भात किंवा कमी मिरीचे हक्का नूडल्स.

गारवा

व्हाइट आणि रोझे ८ ते १० अंशांवर, स्पार्कलिंग ६ ते ८. फ्रिजमध्ये तीन तास आडवी किंवा उभी, कशीही. वेळ नसेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर खडे मीठ, त्यात बाटली मानेपर्यंत बुडवा. १५ ते २० मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात दुप्पट वेळ लागतो, कारण बर्फाचे खडे बाटलीला मोजक्याच ठिकाणी टेकतात, पाणी सगळीकडून लपेटतं. फ्रीझरमध्ये ठेवायचीच तर मोबाइलवर २५ मिनिटांचा गजर लावून, आणि स्पार्कलिंग तिथे कधीच नाही, बाटली फुटते. ग्लास एक तृतीयांशच भरा. पुण्याच्या उन्हाळ्यात भरलेला ग्लास जेवण संपेपर्यंत कोमट होतो, आणि कोमट झालेली गोडसर वाइन सरबतासारखी लागते. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे ५ ग्लास होतात, चौघांना एक बाटली नीट पुरते.

न पिणाऱ्यांसाठी हाच हिशेब कोकम सरबताला लावा: आंबट, बेताचं गोड, चांगलं गार, फक्त जिरं आणि सैंधव निम्मं. शेजवानसोबत ते अनेक वाइनपेक्षा बरं जमतं.

उरलेली शेनिन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, स्पार्कलिंग तिच्या खास बुचासह एखादा दिवस. चौथ्या दिवशी शेनिनचा वास मंदावला तर ती ग्लासात ओतू नका. पुढच्या चिली चिकनच्या वेळी व्हिनेगरऐवजी २ मोठे चमचे तापल्या कढईत लसणावर टाका, अर्धा मिनिट उकळू द्या आणि मगच सोया सॉस घाला.